पिवळ्या रेषेच्या आत

आमच्या लॅबमध्ये वारा मोजायचा तो रविवारी. बाकीचे सहा दिवस शेजारच्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीन चालायचं, दारं उघडमीट व्हायची, जिन्यावरून कुणीतरी पाय आपटत जायचं, आणि त्या सगळ्याची थरथर माझ्या तारेपर्यंत पोचायची. ही तार टंगस्टनची, केसापेक्षा कितीतरी बारीक. ती विजेने तापवून वाऱ्यात धरायची आणि वारा तिला किती गार करतो त्यावरून वाऱ्याचा वेग काढायचा. जरा धक्का लागला तरी तुटते. पीएचडीच्या पहिल्या वर्षात मी इतक्या तारा तोडल्या की माझ्या गाइडनी, म्हणजे सरांनी, एकदा गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, तुमच्या घरी काचेचे कप वापरतात का. मी हो म्हणालो. त्यांना ते खरं वाटलं नसावं.

मी मूळचा कराडचा. चेन्नईला आलो तो एका मोटार कंपनीत नोकरीला. गाडीच्या आरशामागे वारा घोंघावतो, तो आवाज कमी करायचा, हे माझं काम. चार वर्षांत बरोबरची मराठी मुलं एकेक करून पुण्याला परत गेली, त्यांची लग्नं झाली, आणि मी मात्र आरशामागे वारा नेमकं काय करतो हे कुणालाच धड माहीत नाही, या एका गोष्टीवर अडून बसलो. नोकरी सोडली आणि एकतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी झालो. घरच्यांनी कपाळाला हात लावला.

राहायला तिरुवल्लिकेणीत, एका मॅन्शनमध्ये. नावावर जाऊ नका. एकट्या पुरुषांनी राहायची तीन मजली इमारत ती. खोलीत खाट, खुर्ची, भिंतीला खिळे, आणि मजल्याच्या टोकाला सगळ्यांची मिळून न्हाणीघरं. शेजारच्या खोलीतल्या माणसाचा खोकला मी तीन वर्षं ओळखत होतो, चेहरा नाही. तमिळ मला मेसमध्ये जेवण्यापुरती आणि बसमध्ये चढण्यापुरती यायची. लॅबमध्ये इंग्रजी. आईचा फोन शनिवारी: जेवलास का, ऊन फार आहे का, ते तुझं कधी संपणार, बरं ठेवते. बाकी आठवडाभर माझ्या तोंडून मराठी निघायची ती फक्त ठेच लागल्यावर. मी एकटा पडलो होतो, ते मला कळतही होतं, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण हे सगळं मी स्वतःच हौसेने ओढवून घेतलं होतं.

आता कामाबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचा घोळ ध्यानात येईल. नदीत पुलाचा खांब असतो ना, त्याच्या मागे पाणी भोवरे घेत, डुलत लांबवर जातं. लहानपणी कृष्णेच्या पुलावर उभं राहून मी ते तासन्‌तास बघितलंय. तसंच वाऱ्यात आडवी नळी धरली की तिच्या मागे वारा घुसळत जातो. त्याला वेक म्हणतात. विंड टनेल म्हणजे एक लांबलचक लाकडी बोगदा. त्याच्या शेवटाला पंखा असतो, तो खोलीतलीच हवा तोंडाकडून आत ओढतो. बोगद्यात नळी बसवायची आणि तिच्या मागे तार किंचित किंचित सरकवत वेक मोजायचा. डावीकडे जेवढी घुसळण तेवढीच उजवीकडे असायला हवी, असं सगळी पुस्तकं सांगतात.

टनेल एकट्याने चालवायला परवानगी नव्हती, म्हणून रविवारी माझ्याबरोबर काका यायचे. काका आमच्या लॅबचे टेक्निशियन. निवृत्तीला वर्षभर उरलेलं, घर तांबरमला, आणि मराठी. आमच्यासारखे मराठी नव्हेत, तंजावरकडचे. घराण्याने महाराष्ट्र सोडून इतक्या पिढ्या झाल्या होत्या की आपण मूळचे कुठल्या गावचे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. बोलायचे ती मराठी जुनी, तमिळ हेल काढून. ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले तेव्हा मी चक्क इंग्रजीत उत्तर दिलं होतं. यावरून पुढे वर्षभर त्यांनी माझी टिंगल केली. तुमची मराठी म्हणजे अर्धी हिंदी, असं त्यांचं ठाम मत होतं. मला ते तंबी म्हणायचे, तमिळमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं, आणि मी त्यांना काका म्हणायचो. हे नातं कुठल्याच बाजूने जुळत नव्हतं, पण दोघांचीही काही तक्रार नव्हती.

टनेलच्या तोंडासमोर जमिनीवर एक पिवळी रेषा होती. ती काकांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली. टनेल चालू असताना त्या रेषेच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही, कारण आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या वाटेत माणूस आला की हवा बिघडते. नवीन मुलं विसरून आत गेली की काका लांबूनच टाळी वाजवायचे, आणि ती टाळी ऐकून पोरं जागच्या जागी गोठायची. एकदा त्यांनी खुद्द सरांना टाळी वाजवून मागे घेतलं होतं. सर ही गोष्ट प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला कौतुकाने सांगत.

ती रेषा काकांनी माझ्यासाठी मोडली. मे महिना होता, इथे ज्याला कत्तिरी म्हणतात ते ऊन. रविवारी इमारतीचा एसी बंद, आणि रीडिंग चालू असताना छताचे पंखे लावायचे नाहीत, खिडक्या उघडायच्या नाहीत. बाराच्या सुमारास माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी टेबलाचा पाय धरून खाली बसलो. काकांनी पाणी पाजलं. मग वर्कशॉपमधून दोन लाकडी स्टुलं आणली आणि टनेलच्या तोंडाच्या डाव्या अंगाला, रेषेच्या आत ठेवली. अख्ख्या हॉलमध्ये हवा हलत होती ती तेवढ्याच जागी.

"इथे बसून घे, तंबी," ते म्हणाले. "वारं हळू अहे, तोंडाला जाळ्या अहेत. काय बिघडत नै."

टनेलच्या तोंडाला बारीक जाळ्या असतात, त्या हवेला विंचरून आत सोडतात. आणि माझे प्रयोग अगदी मंद वाऱ्यातले. मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायला मी उतावीळ होतो.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही तिथे बसू लागलो. एकेक रीडिंग पंधरा-वीस मिनिटं चालायचं. संगणक आपोआप तार सरकवायचा, आकडे साठवायचा, आम्हाला करण्यासारखं काही नसायचं. अंगावरून वारा जायचा. काका डबा उघडायचे. त्यांच्या बायकोच्या हातची डांगर पचडी असायची, उडदाच्या पिठात दही घालून, वरून फोडणी दिलेली. आमच्याकडे डांगर म्हणजे कांदा आणि कच्चं तेल. खरं डांगर कुणाचं यावर आम्ही लागोपाठ दोन रविवार भांडलो आणि दोन्ही रविवारी सगळं डांगर मीच संपवलं. त्यांच्या मुलीला मराठी कळायची, पण ती उत्तर तमिळमध्ये द्यायची. म्हणजे घरी बायको सोडली तर त्यांनाही बोलायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पुण्यात एक मुलगी माझ्यासाठी दोन वर्षं थांबून शेवटी लग्न करून गेली, हे मी आईलाही सांगितलं नव्हतं, काकांना सांगितलं. त्यांनी समजूत वगैरे घातली नाही. डब्यातला भात माझ्या झाकणात वाढला आणि म्हणाले, जेव.

त्या काळात मी शनिवारी दाढी करायला लागलो होतो. रविवारसाठी. हे आत्ता लिहिताना माझ्या ध्यानात येतंय.

काही महिन्यांनी माझ्या आलेखात एक विचित्र गोष्ट दिसू लागली. माझा वेक डावीकडे कलत होता. फार नाही, थोडासाच. पण डाव्या बाजूची घुसळण उजवीपेक्षा जास्त, आणि ती दर वेळी तशीच. नळी फिरवून बसवली, कल तसाच. तार बदलली, कल तसाच. मग टनेलच वाकडा वारा देतोय का हे बघायला सरांच्या देखत नळी काढून रिकामा टनेल मोजला. तो बुधवार होता; सरांनी वर्कशॉप तेवढ्यापुरतं बंद ठेवायला लावलं होतं. सर, मी, काका, दोन विद्यार्थी, सगळे शिस्तीत पिवळ्या रेषेच्या मागे उभे. वारा अगदी सरळ आला. म्हणजे दोष टनेलचा नव्हता. म्हणजे मंद वाऱ्यात वेक स्वतःहूनच एक बाजू धरतो, आणि हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

सर हरखले. एरवी माझ्याशी तीन वाक्यांत संपवणारा माणूस तासभर फळ्यावर लिहीत राहिला. आम्ही पेपर लिहिला, तो एका परिषदेत मांडायला मान्य झाला. माझा प्रबंधही त्याच कलावर उभा राहणार होता. तीन वर्षं मी कुठल्यातरी खोलीत खोकला ऐकत काढली होती, ती फुकट गेली नाहीत, असं मला पहिल्यांदाच वाटलं. काकांनी त्या रविवारी डब्यात गोड आणलं.

परिषदेला महिना उरला असताना काकांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ते रविवारी येणार नव्हते. सरांच्या परवानगीने त्यांच्याऐवजी वॉचमन दाराशी बसला. मला काही मोजकी रीडिंग हवी होती, पेपरातला एक आलेख नीट करायला. काका नाहीत तर स्टुलावर जाऊन काय करायचं, म्हणून मी दाराशी वॉचमनजवळच उभा राहिलो. तो मोबाइलवर क्रिकेट बघत होता.

आलेख सरळ आला. डावीकडे जेवढं, उजवीकडे तेवढंच.

मी वैतागलो. तार बिघडली म्हणून दुसरी लावली, पुन्हा सगळं तपासून घेतलं. पुन्हा सरळ. दोन वाजले होते, उकाड्याने जीव नकोसा झाला होता. सवयीने मी वर्कशॉपमधून एक स्टूल आणून नेहमीच्या जागी बसलो आणि तिसरं रीडिंग सुरू केलं. वीस मिनिटांनी पडद्याकडे पाहिलं तर वेक डावीकडे कललेला.

मी उठून दाराशी गेलो. सरळ. परत येऊन बसलो. कलला. असं मी चार वेळा केलं. वॉचमन क्रिकेट सोडून माझ्याकडे बघायला लागला. चौथ्या वेळी मी स्टुलावरून उठून पंखा बंद केला. नळीच्या मागे काही नवीन घडत नव्हतं. डाव्या बाजूची ती जास्तीची घुसळण म्हणजे डाव्या बाजूला बसलेले आम्ही दोघं होतो. आमच्या अंगांवरून बिघडून गेलेली हवा जाळ्यांतून गाळून निघूनही पूर्ण सरळ होत नव्हती, आणि मी ती महिनोन्‌महिने मोजून तिला शोध म्हणत होतो. रिकामा टनेल तपासला त्या बुधवारी आम्ही सगळे रेषेच्या मागे होतो, म्हणून तो निर्दोष ठरला होता.

पेपर मागे घ्यावा लागणार, प्रबंध पुन्हा करावा लागणार, हे मला लगेच कळलं. पण त्या दुपारी मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती निराळीच. हे सांगितलं की स्टुलं जाणार. आणि काकांनी रेषा मोडली हे उघडं होणार. त्यांच्या निरोप समारंभाला दोन महिने उरले होते, आणि सर त्या टाळीची गोष्ट भाषणात सांगणार हे सगळ्यांना माहीत होतं.

आठवडाभर मी मूग गिळून बसलो. पुढच्या रविवारी काका आले. बायकोला आता भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं म्हणून खुशीत होते. आल्या आल्या त्यांनी स्टुलं नेहमीच्या जागी मांडली. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी टनेल चालू केला. तार तापवलीच नाही. संगणकावर जुनी एक फाइल उघडून ठेवली, आणि जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. त्या दिवशी काहीच मोजलं जात नव्हतं. पंखा नुसता फिरत होता आणि आम्ही बोलत होतो. निवृत्त झाल्यावर दर रविवारी तांबरमला जेवायला यायचं, असं त्यांनी मला बजावलं. स्टेशनच्या कुठल्या बाजूला उतरायचं, कुठल्या देवळापाशी वळायचं, सगळं दोनदा सांगितलं. मी हो हो म्हणत होतो. इतका सुखाचा रविवार मला चेन्नईत दुसरा आठवत नाही, आणि इतका लाजिरवाणाही.

सोमवारी सकाळी मी सरांना सांगितलं. त्यांनी आलेख पाहिले, चष्मा काढला, बराच वेळ डोळे चोळले. मग एकच विचारलं: रेषेच्या आत स्टुलं कुणी ठेवली. मी म्हणालो, मी. त्यांनी काकांना बोलावून घेतलं. माझं खोटं पुरं व्हायच्या आत काकांनी तमिळमध्ये सांगून टाकलं की स्टुलं त्यांनीच ठेवली, या मुलाला चक्कर आली होती. सर आवाज चढवून बोलले नाहीत. पेपर मागे घेतो, पुन्हा मोजा, एवढंच म्हणाले. निरोप समारंभातल्या भाषणात पुढे त्या टाळीची गोष्ट आली नाही. काका पहिल्या रांगेत हार घालून बसले होते आणि तिची वाट बघत होते, असं मला वाटलं. कदाचित नसतीलही बघत.

पण खरं घडलं ते त्याआधी, त्या सोमवारीच. सरांच्या खोलीतून निघून मी वर्कशॉपमध्ये गेलो. काका खाली बसून स्टुलाचा एक पाय काढत होते. लाकूड दुसऱ्या कामाला लागेल म्हणून. मला पाहून ते थांबले नाहीत. मी म्हणालो, माझ्यामुळे तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं. त्यांनी हात झटकल्यासारखं केलं. त्याचं त्यांना काही नव्हतं.

"काल तुला ठाऊक होतं की?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग बसलास का?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. तुमच्याशी बोलायला बसलो, काका. तार बंद होती. एवढंच म्हणायचं होतं. चौतीस वर्षांचा पुरुष दुसऱ्या पुरुषाला असं कसं म्हणणार, असं काहीतरी मध्ये आलं. कराडला माझ्या घरी असं कुणी कुणाला म्हणत नाही. मला लाज वाटली.

"खात्री करून घ्यायची होती," मी म्हणालो. "तुम्ही शेजारी असताना किती फरक पडतो, ते."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं, हेच वाईट झालं. आयुष्यभर संशोधकांबरोबर काम केलेला माणूस. खात्री करून घेणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

"मग आलं की बरोबर?"

"आलं."

"सरी," ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि पुन्हा स्टुलाच्या खिळ्याकडे वळले.

त्यानंतरचे रविवार मी सगळं पुन्हा मोजलं. काका यायचे, पण रेषेमागे त्यांच्या टेबलाशी बसायचे, वर्तमानपत्र वाचायचे. पंख्याच्या आवाजात तिथून इथवर बोललेलं ऐकू येत नाही. डबा ते तिथेच उघडायचे. एकदा त्यांनी हाताने खूण करून जेवायला बोलावलं, तेव्हा रीडिंग संपायला दहा मिनिटं होती. मी हातानेच नंतर म्हणालो, आणि नंतर गेलो तेव्हा त्यांनी डबा धुऊन ठेवला होता. माझ्यावर ते रागावले नव्हते. ते फक्त नियमाने वागत होते, आणि मला नियम मोडून जाता येत नव्हतं. आलेख सगळे सरळ आले. पुस्तकात असतात तसे.

प्रबंध झाला. त्यात नवीन असं फारसं काही नाही, पण चूक काही नाही. आता मी नुंगंबाक्कमला एका कंपनीत आहे. उंच इमारतींभोवती वारा कसा जाईल ते संगणकावर काढून देतो. खोली बदलली, माणसं बदलली, रविवार तसाच आहे. संध्याकाळी ऑफिसातून निघालो की स्टेशनवर तांबरमची गाडी समोर उभी राहते. स्टेशनच्या कुठल्या बाजूला उतरायचं, कुठल्या देवळापाशी वळायचं, हे मला पाठ आहे. दोन वर्षं झाली. दर वेळी वाटतं, पुढच्या रविवारी जाऊ, आणि पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकू की त्या दिवशी तार बंद होती.

मी अजून गेलेलो नाही. आणि तिकडे काकांची अशी समजूत आहे की त्या शेवटच्या रविवारी मी त्यांच्याजवळ बसलो, तो त्यांना मोजायला.